गोव्याचे मीठ आणि १८७८ चा करार



गेल्या काही वर्षांत दोन देशांमधील मुक्त व्यापाराच्या करारांची वार्ता वारंवार आपल्या कानी पडू लागली आहे. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला. ऑस्ट्रेलियाशी त्याच वर्षी २ एप्रिलला झाला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन ह्या चार राष्ट्रांच्या संघाशी १० मार्च २०२४ रोजी झाला. आणि २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारावर सह्या पडल्या. मी ज्या चिखलोलीत राहतो तिच्या एका अंगास अंबरनाथ व दुसऱ्या अंगास बदलापूर. सभोवती रासायनिक व यांत्रिक कारखाने. तेव्हा परदेशचा माल जकातीवाचून आत येणार, ही वार्ता आमच्याकडे केवळ वर्तमानपत्री राहत नाही. ज्याच्या कारखान्यास कच्चा माल बाहेरून लागतो तो तिचे स्वागत करतो. ज्याचा पक्का माल बाहेरच्या मालाशी झुंजतो तो कपाळाला हात लावतो. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

पुष्कळांची अशी समजूत दिसते की, असे करार ही आपल्या काळाची नवलाई आहे. वस्तुतः आपल्या अगदी शेजारी, मराठी-कोकणी बोलणाऱ्या मुलुखात, असा एक करार सुमारे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो बारा वर्षे चालला आणि संपला. शाळेत मी पुष्कळ वर्षे इतिहास शिकविला. पण त्या इतिहासाच्या पुस्तकांत ह्या कराराला एका ओळीचीही जागा नव्हती. लढाया व तह ह्यांची नावे मुलांकडून पाठ करवून घेताना, मिठाच्या भावावर झालेला तह मात्र आम्ही वगळीत गेलो. आज त्याच तहाची हकीकत सांगावयाची आहे.

तत्पूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. जकात माफ करणे आणि जकातीविषयी करार करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. अंबरनाथचे शिवालय ज्या शिलाहार राजांच्या कारकीर्दीत शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, पुरे झाले, त्याच घराण्यातील अनंतदेवाचा खारेपाटण येथे सापडलेला एक ताम्रपट शके १०१६ चा, म्हणजे १०९४ सालचा आहे. त्यात भाभण श्रेष्ठी व धणाम श्रेष्ठी ह्या दोघा बंधूंच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केल्याचा उल्लेख आहे. ही राजाची मेहेरबानी होती. ती देणे त्याच्या हाती व काढून घेणेही त्याच्याच हाती. करार म्हटला की दोन पक्ष आले. मग त्या दोघांत थोर कोण व धाकटा कोण, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. १८७८ च्या तहाचे सारे मर्म ह्या एका प्रश्नात आहे.

आता गोव्याकडे वळू. बारदेश, सासष्टी व तिसवाडी ह्या महालांतून खाडीच्या कडेने मिठागरे पसरलेली होती. भरतीचे पाणी बांध फोडून आत घ्यावयाचे, कोंडावयाचे, उन्हात आटू द्यावयाचे आणि खाली बसलेले मीठ ओढून ढीग घालावयाचे, एवढाच हा उद्योग. त्याला भांडवल थोडे व अंगमेहनत फार. हे मीठ घाटावर जावयाचे आणि घाटावरचे धान्य खाली यावयाचे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांचा निम्मा धंदा ह्याच अदलाबदलीवर चाले.

हे मीठ इतके स्वस्त पडे की, शेजारच्या राज्यांना ते नेहमीच खुपत आले. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव ह्यांस पाठविलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्याचा आशय असा की, बारदेशचे मीठ स्वस्त मिळते म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या मुलुखातील मिठाचा व्यापार बुडेल. यास्तव त्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते महाग पडून आपले मीठ खपेल. ज्याला आज आपण संरक्षक जकात म्हणतो, तिचा इतका निःसंदिग्ध दाखला त्या शतकात आपल्याकडे दुसरा क्वचितच मिळेल. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जकात किती घ्यावयाची हे महाराजांनी स्वतः ठरविले. त्यासाठी त्यांना कोणाची संमती घ्यावी लागली नाही.

दोनशे वर्षांनी तेच मीठ ब्रिटिशांना खुपू लागले. पण कारण वेगळे होते. ब्रिटिशांना कोकणच्या मिठागरवाल्यांची काळजी नव्हती. त्यांची काळजी होती ती मिठावरच्या कराची. १८७८ साली मुंबई व मद्रास इलाख्यांत हा कर दर मणास अडीच रुपये झाला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. ज्या काळी मजुराला दिवसाकाठी चार आणे सुटणे हीही चैन वाटे, त्या काळातला हा कर होय. कर जितका जबर तितकी चोरट्या व्यापाराला किफायत अधिक. हद्दीच्या पलीकडे कोऱ्या भावाने मिळणारे मीठ रात्रीच्या अंधारात सावंतवाडी, बेळगाव, कारवार ह्या बाजूंना उतरू लागले, तर त्यात नवल काय? उत्तर हिंदुस्थानात ब्रिटिशांनी ह्याच मिठासाठी शेकडो मैल काटेरी कुंपण लावून जकातीची सरहद्द उभारली होती. ती बऱ्हाणपूरपर्यंत येऊन पोहोचली होती. पण सांभर सरोवराचे मीठ जयपूर व जोधपूर संस्थानांकडून १८७० मध्ये पट्ट्याने घेतल्यावर, म्हणजे मूळ झराच ताब्यात आल्यावर, ते कुंपण अनावश्यक ठरले व १८७९ साली मोडण्यात आले. गोव्याच्या बाबतीतही हीच युक्ती योजावयाची होती. हद्दीवर पहारा करण्याऐवजी मिठागरावरच पहारा बसवावयाचा. पण गोवा म्हणजे एखादे मांडलिक संस्थान नव्हते. तेथे परक्या राजाचे निशाण होते. म्हणून तह करणे भाग पडले.

हा तह २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झाला. ब्रिटनतर्फे तेथील वकील रॉबर्ट मोरिअर व पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कोर्व्हु ह्यांनी बोलणी केली. तहाची भाषा मोठी उदार होती. ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज हिंदुस्थान ह्यांच्यामधील जकातनाके उठावेत. इकडचा माल तिकडे व तिकडचा इकडे अनिर्बंध जावा. समुद्रमार्गे बाहेरून येणाऱ्या मालावर दोन्ही मुलुखांत एकच जकात असावी. आणि मुरगाव बंदर सुधारून तेथून घाटावर रेल्वे न्यावी. हे ऐकून कोणाही समंजस मनुष्याने मान डोलवावी. फ्रान्स व इंग्लंड ह्यांचा १८६० सालचा व्यापारी तह तेव्हा ताजा होता, आणि मुक्त व्यापार हा युरोपातील सुधारलेल्या विचारांचा जणू महामंत्र बनला होता.

ह्या उदार भाषेखाली मात्र तीन कलमे दडलेली होती. पहिले मिठाचे. गोव्यातील मिठागरांवर ब्रिटिश सरकारची देखरेख बसली. मिठावरचा कर ब्रिटिश मुलुखातल्याच दराने घ्यावयाचा ठरले, आणि नको वाटतील ती मिठागरे बंद करण्याची मुभा मिळाली. दुसरे अफूचे. तिची लागवड व व्यापार पोर्तुगीज मुलुखात ब्रिटिशांच्या संमतीवाचून होऊ नये. तिसरे दारूचे. माडी व तीपासून गाळलेली दारू ह्यांवर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर अबकारी बसवावयाची. ह्या साऱ्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळावयाचे होते. तहाचा अंमल जानेवारी १८८० पासून सुरू झाला व मुदत बारा वर्षांची ठरली.

ह्या तहाचा फायदा कोणालाच झाला नाही, असे म्हटल्यास ते सत्यास सोडून होईल. नाके उठल्यामुळे गोव्याचे नारळ, सुपारी, मासळी ही विनाजकात बेळगावच्या व मुंबईच्या बाजारात येऊ लागली. घाटावरचे धान्य खाली येताना पूर्वी होणारा खोळंबा टळला. सावंतवाडीच्या व पेडण्याच्या लोकांची तर एकमेकांशी सोयरीक. त्यांच्यामधली नाक्यावरची झडती थांबली हीही लहान गोष्ट नव्हे. आणि मुरगावची रेल्वे ही काही कागदावरची बाब राहिली नाही. दूधसागराच्या धबधब्यासमोरून घाट चढून कॅसलरॉकला जाणारा तो सुमारे ५१ मैलांचा लोहमार्ग १८८८ पर्यंत पुरा झाला आणि तो आजही आहे. ज्या गोव्यात पूर्वी पावसाळ्यात घाटवाट बंद पडे, तो गोवा त्या लोहमार्गाने दक्षिणेच्या पठाराशी कायमचा जोडला गेला.

परंतु खर्चाची बाजू पाहिली पाहिजे. आणि खर्च भरणारे लोक निराळे होते. ज्याच्या दारात मीठ पिकत होते त्याला आता तेच मीठ कर भरून घ्यावे लागले. मिठागरे बंद झाली तेथे मालकांना भरपाई देण्याची तरतूद होती. पण भरपाई देता येते ती कागदोपत्री नोंदलेल्या हक्काची. जे गावडे पिढ्यान्‌पिढ्या त्या चिखलात उभे राहून मीठ ओढीत आले, त्यांचे कसब कोणत्या वहीत नोंदलेले असणार? माडाच्या झाडांचीही तीच कथा. माडी काढणाऱ्याला गोव्यात रेंदेर म्हणतात. झाडावर कर बसला, परवाना आला, तपासनीस आला. ज्या रेंदेराची मिळकत म्हणजे कमरेला कोयता व दहा-बारा माड, त्याच्या उंबरठ्यावर एका मोठ्या साम्राज्याचे अबकारी खाते येऊन बसले. मुंबई इलाख्यातही १८७८ सालीच नवा अबकारी कायदा झाला होता. तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील भंडाऱ्यांना जो जाच झाला, तोच ह्या तहाने हद्द ओलांडून गोव्यात गेला, असे म्हणावयास हरकत नाही. गोव्याहून मुंबईस येणारी माणसांची रीघ ह्या तहापूर्वीही होती. तहानंतर ती वाढली. आणि रेल्वेने माल नेवो न नेवो, माणसे मात्र नेली.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करावासा वाटतो. १८३४ साली जर्मनीतील प्रशिया व इतर लहानमोठ्या राज्यांनी मिळून एक जकातसंघ स्थापन केला होता. तोही थोर व धाकट्यांचाच संघ होता. प्रशियापुढे बाकीची राज्ये बहुतेक चिमुकलीच. पण त्या संघात जकातीचे उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घेत, आणि दर बदलावयाचा तर सर्वांची संमती लागे. लहान राज्याचा नकारसुद्धा मोजला जाई. म्हणून त्यांच्या वाट्यास उत्पन्न वाढेल तसा हिस्साही वाढून आला. गोव्याच्या वाट्यास मात्र ठोक रक्कम आली. चार लाख म्हणजे चार लाख. व्यापार वाढो की मिठाचा खप वाढो. ठोक रकमेवर आपला हक्क विकणारा मनुष्य पहिल्या वर्षी खूश असतो व पुढच्या वर्षापासून हिशेब करू लागतो, हे आपण घरोघरी पाहतोच.

बरे, ते चार लाख तरी गोव्याच्या जनतेच्या कामी आले काय? मुरगावची रेल्वे बांधणाऱ्या इंग्रजी कंपनीच्या भांडवलावर पोर्तुगीज सरकारने व्याजाची हमी दिली होती. रेल्वे चालून नफा झाला नाही तर तूट सरकारने भरून द्यावयाची. हिंदुस्थानातील पहिल्या रेल्वे कंपन्यांनाही अशीच हमी दिलेली होती. आमच्या चिखलोलीवरून जाणारा कल्याण-खोपोलीचा जुना लोहमार्ग त्याच पद्धतीने बांधला गेला. परंतु जी. आय. पी. रेल्वेला मुंबई बंदराचा अमाप माल होता. मुरगावकडे माल वळेल ही केवळ आशा होती. दक्षिण महाराष्ट्राचा कापूस व धान्य ह्यांना पुण्यावरून मुंबईस जाण्याची वाट ब्रिटिशांच्याच रेल्वेने खुली ठेवली होती. माल अपेक्षेप्रमाणे आला नाही. आणि तहाचे चार लाख हमीच्या व्याजात जाऊ लागले. म्हणजे मिठाच्या हक्काचे मोल जे मिळाले ते लंडनच्या भागीदारांच्या खिशात पोहोचले.

सर्वांत मोठा धडा मात्र १८८२ साली मिळाला. त्या वर्षी लॉर्ड रिपन व्हाइसरॉय असताना, एव्हलिन बेअरिंग ह्या अर्थसचिवांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील बहुतेक सर्व आयात जकाती उठविल्या. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा त्यासाठी कित्येक वर्षे आग्रह चालू होता. मीठ, दारू अशा मोजक्या जिनसा तेवढ्या राहिल्या. आता दोन्ही मुलुखांत जकात एकच असावी असे तहाने ठरलेले. तेव्हा कलकत्त्यास जकात उठली की पणजीसही तिचा मार्ग तोच. आयात जकात हे बंदरावर जगणाऱ्या राज्याचे एक प्रमुख उत्पन्न असते. ते राखावे की सोडावे ह्याचा निर्णय पणजीच्या हातून निसटला तो तह झाला त्याच दिवशी. १८८२ साली तो केवळ प्रत्ययास आला. त्याच वर्षी मिठाचा कर मणामागे दोन रुपयांवर आला, आणि १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला. हे चढउतार कलकत्त्याच्या खजिन्याची निकड पाहून झाले. गोव्याच्या घरात त्यामुळे आमटी अळणी होते की खारट, हे पाहण्याचे तेथे कोणालाच कारण नव्हते.

जानेवारी १८९२ मध्ये मुदत संपली. तह पुढे चालू राहिला नाही. नाके पुन्हा उभे राहिले. चार लाख थांबले. रेल्वेच्या हमीचा बोजा मात्र पोर्तुगीज खजिन्याच्या मानेवर राहिला, कारण तहाची मुदत बारा वर्षांची असली तरी हमीची मुदत त्याहून कितीतरी लांब होती. कॅसलरॉकच्या बाजूस उतारूंच्या सामानाची झडती पुढे १९५५ पर्यंत, म्हणजे भारत सरकारने गोव्याशी रेल्वे वाहतूक बंद करीपर्यंत, चालत राहिली. ती सरहद्द पुसली गेली १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला तेव्हा.

ज्या १८९२ साली हा तह संपला, त्याच साली पुण्यास डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे ह्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर आपले सुप्रसिद्ध व्याख्यान दिले. इंग्रज पंडितांचे मुक्त व्यापाराचे सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी सारखेच लागू पडतात हे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक राष्ट्राची स्थिती पाहून धोरण ठरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या व्याख्यानाचा गोव्याच्या तहाशी संबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या असल्यामुळे त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह शिक्षकाला आवरत नाही.

जकात ठेवण्यात मात्र सर्व कल्याणच असते असे समजणाऱ्यांसाठी आमच्या अंबरनाथचे उदाहरण सांगतो. १९२२ साली आगपेट्यांवरची आयात जकात ग्रोसला दीड रुपया करण्यात आली. हेतू केवळ उत्पन्नाचा होता. तेव्हा आपल्याकडच्या बाजारात स्वीडनच्या आगपेट्यांचा मोठा खप होता. जकातीची भिंत इतकी उंच झालेली पाहून त्या स्वीडिश कंपनीने भिंतीबाहेर उभे राहण्याऐवजी आतच बिऱ्हाड केले, आणि वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी ह्या नावाने अंबरनाथला कारखाना घातला. 'विमको' हे नाव माझ्या पिढीला परिचित आहे. ह्या कारखान्याने अंबरनाथ, चिखलोली, बदलापूर ह्या पट्ट्यातील कित्येक कुटुंबांच्या चुली पेटविल्या, हे खरे. पण ज्या लहान देशी कारखानदारांना ह्या जकातीने आसरा मिळाला होता, त्यांच्यापुढे तोच परदेशी स्पर्धक आता जकातीच्या आत येऊन बसला, हेही तितकेच खरे. जकातीने माल अडतो; भांडवल अडत नाही.

आता आजच्या करारांविषयी. गोव्याच्या तहात आणि ह्यांत एक मोठा फरक आहे, तो प्रथम सांगणे न्याय्य होईल. गोव्याचा तह हा जकातसंघ होता. त्यात स्वतःचे दर ठरविण्याचा अधिकारच गेला. आजच्या मुक्त व्यापार करारांत परस्परांपुरत्या जकाती कमी होतात. तिसऱ्या देशाच्या मालावर किती जकात घ्यावी हे प्रत्येकाच्या हाती राहते. मात्र तिसऱ्या देशाचा माल करारातील देशाच्या आडून आत येऊ नये म्हणून, माल खरोखर कोठे तयार झाला हे सिद्ध करण्याचे नियम लागतात, आणि ते सांभाळणे नाक्यावरच्या अधिकाऱ्यास सोपे नसते.

वाटाघाटीत काय बाहेर ठेवले गेले, हेही आता पाहण्याची आपल्याला सवय लागली आहे. आग्नेय आशियातील राष्ट्रांशी २००९ मध्ये झालेल्या करारात मिरी, चहा, कॉफी, पामतेल ह्यांना वेगळे काढून त्यांची जकात हळूहळू उतरविण्याचे ठरले. तरीही केरळात मोठा विरोध झाला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने पूर्वेकडील पंधरा राष्ट्रांच्या मोठ्या करारातून अंग काढून घेतले, त्यात दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यांच्या धास्तीचा वाटा मोठा होता. ब्रिटनशी झालेल्या करारातही दूधदुभते बाहेर ठेवले आहे. स्कॉच व्हिस्कीवरची दीडशे टक्के जकात मात्र प्रथम पंचाहत्तर व दहाव्या वर्षी चाळीस टक्क्यांवर यावयाची आहे. दीडशे वर्षांनंतरही इंग्रजांशी तह करताना दारूचे कलम चुकत नाही, हे पाहून हसू येते. ह्या वेळी निदान रेंदेराच्या झाडावर कर बसविण्याचे कलम त्यात नाही.

आणि एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटली. चार युरोपीय राष्ट्रांच्या ज्या संघाशी आपला करार झाला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अंमलात आला आहे. पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरांचे भांडवल भारतात यावे व दहा लाख लोकांना काम मिळावे, हे उद्दिष्ट त्यात लिहून ठेवले आहे; आणि ते भांडवल न आल्यास आपण दिलेल्या काही सवलती मागे घेण्याची वाटही भारताला ठेवलेली आहे. मुरगावच्या रेल्वेवर माल आला नाही, तेव्हा हमीचे व्याज भरावे लागले ते एकट्या पोर्तुगीज खजिन्याला. आणि तोवर बंद झालेली मिठागरे चिखलाने भरून गेली होती.